मला थंडी वाजते: जर्मन शिकणाऱ्या मराठी घरांसाठी

जानेवारीतली सकाळ होती. लखनौच्या या टोकाला, सरोजिनी नगरात, धुकं इतकं दाट की कानपूर रोडवरच्या विक्रम टेम्पोचा आवाज आधी येतो आणि दिवा मागाहून दिसतो. माझ्याकडे जर्मन शिकायला येणारी मुलगी शाल घट्ट गुंडाळून बसली होती. वहीतलं वाक्य तिनं वाचून दाखवलं: ‘इश बिन काल्ट.’ तिला म्हणायचं होतं, मला थंडी वाजतेय. पण जर्मन माणसाच्या कानी पडलं असतं ते असं की मी थंड स्वभावाची, मायाममता नसलेली बाई आहे.

मी विचारलं, ‘अगं, घरी आईला काय म्हणशील?’

‘मला थंडी वाजतेय.’

‘मग हे ‘मी’ कुठून आलं? ‘मला’ म्हण की. ‘मला’ म्हणजे ‘मिअर’.’

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मिअर इस्ट काल्ट.’ अगदी बरोबर.

तिचं ‘मी’ इंग्रजीतून आलं होतं. घर विट्याकडचं, सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायी उत्तरेत आलेलं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, विटा भागातली अशी कुटुंबं देशभरातल्या शहरांत विखुरलेली आहेत. घरात मराठी, गल्लीत हिंदी, नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीत. जर्मनचं पुस्तक उघडलं की ती मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवायची आणि मग त्याचं जर्मन करायची. मराठी तिनं चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवली होती. हा लेख तिच्यासारख्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. माझं म्हणणं एकच: जर्मन शिकताना इंग्रजीच्या वाटेनं जाऊ नका, मराठीच्या वाटेनं जा. ती वाट जवळची आहे. कुठे जवळची आणि कुठे फसवी, हे मी जेवढं शिकवता शिकवता पाहिलं तेवढं इथे मांडते.

आधी काळाची गरज थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्यासाठी दहा हजारांचा आकडा समोर ठेवला. तेव्हापासून परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, प्लंबर अशी मंडळीही जर्मनकडे वळली. एरवी ही भाषा पुण्यात अकरावी-बारावीला ‘संस्कृत घ्यायचं की जर्मन’ एवढ्याच प्रश्नात अडकलेली असायची.

मातृभाषा वर्गाबाहेर ठेवायची हा आग्रह जुना आहे. १८८२ मध्ये विल्हेल्म फिएटोर या जर्मन अभ्यासकानं भाषाशिक्षणानं आता उलट वळायला हवं अशी पुस्तिका टोपणनावानं काढली. व्याकरणाचे नियम पाठ करून भाषांतर करत बसण्यापेक्षा बोलण्याला महत्त्व द्या, हे त्याचं म्हणणं रास्त होतं. पुढे त्यातून ‘वर्गात फक्त शिकायचीच भाषा’ हा नियम निघाला आणि तो फार कडक झाला. मी स्वतः ज्या वर्गात पहिल्यांदा शिकले तिथे मराठी शब्द तोंडातून निघाला की डब्यात पैसे टाकावे लागत. त्या डब्याच्या भीतीनं मी महिनाभर गप्प बसले. पुढे शिकवायला लागल्यावर मीही काही वर्षं तोच नियम पाळला, आणि आता वाटतं की तेव्हाच्या मुलांवर मी अन्याय केला. जर्मनीतच वोल्फगांग बुट्सकाम या भाषाशिक्षणतज्ज्ञानं १९७३ च्या आपल्या पुस्तकात या कडकपणाला उत्तर दिलं होतं: बोलायचं जर्मनमध्येच, पण अर्थ आणि रचना उलगडायला मातृभाषा बेधडक वापरायची. माणूस भाषा म्हणजे काय हे एकदाच शिकतो, ते आईच्या भाषेत; पुढची प्रत्येक भाषा त्या पायावर उभी राहते. बुट्सकामची एक युक्ती मी रोज वापरते. जर्मन वाक्याखाली शब्दाला शब्द ठेवून मराठी लिहायचं, वाचायला कितीही ओबडधोबड वाटलं तरी. त्याखाली मग नेहमीचं मराठी. आरशात पाहिल्यासारखी जर्मन वाक्याची ठेवण त्यात दिसते.

करून पाहू. इथे छापण्याच्या सोयीसाठी जर्मन शब्द देवनागरीत देते. वहीत मात्र पहिल्या दिवसापासून रोमन लिपीतच लिहा, नाहीतर वाचनाच्या पेपरात अडखळाल.

‘इश हाबं गेस्टर्न इन लखनौ आइन बूख गेकाउफ्ट.’

खाली: ‘मी आहे काल मध्ये-लखनौ एक पुस्तक विकत-घेतलं.’

आता त्यातलं ‘हाबं’ बोटानं झाका. काय उरलं? काल, लखनौत, एक पुस्तक, विकत घेतलं. पूर्ण मराठी क्रम! इंग्रजीवरून येणारा विद्यार्थी ‘विकत घेतलं’ लगेच ‘मी’च्या मागे लावतो आणि मग ते शेवटी ढकलताना त्याची दमछाक होते. आपल्याला काहीच ढकलायचं नाही. आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच बसलेलं आहे.

हा योगायोग नव्हे. १९६३ मध्ये मानफ्रेड बिअरविश या भाषाशास्त्रज्ञानं जर्मन क्रियापदाचं जे विश्लेषण केलं त्यातून हाच विचार पुढे आला की जर्मन वाक्याचा मूळ सांगाडा क्रियापद शेवटी असलेलाच आहे. साध्या विधानात रूप चालवलेलं क्रियापद तेवढं उचलून दुसऱ्या जागी आणलं जातं. म्हणून मी मुलांना शब्द सुटे देतच नाही, क्रियापदासकट तुकडा देते: ‘नाख हाउजं गेएन’, घरी जाणं. ‘डॉइच लेर्नन’, जर्मन शिकणं. मग तुकडा लांबवायचा: ‘मॉर्गन मिट डेम त्सूक नाख कानपूर फारन’, उद्या ट्रेननं कानपूरला जाणं. क्रम पाहा: आधी वेळ, मग साधन, मग ठिकाण, मग क्रिया. जर्मनमध्ये ही शिस्त, आणि मराठीत आपण सहज बोलतो तोही हाच क्रम. इंग्रजीत तो बरोबर उलटा होतो. तुकडा तोंडात बसला की शेवटचं ‘फारन’ उचलायचं, ‘फारं’ करायचं आणि दुसऱ्या खुर्चीवर बसवायचं: ‘इश फारं मॉर्गन मिट डेम त्सूक नाख कानपूर.’ पहिल्या खुर्चीवर ‘उद्या’ला बसवलंत तर ‘इश’ तिसऱ्या खुर्चीवर जाईल, पण क्रियापद आपली दुसरी खुर्ची सोडणार नाही: ‘मॉर्गन फारं इश...’ मी खरोखरच चार खुर्च्या मांडून, पाठीला कागद चिकटवून हे करून घेते. जर्मन वाक्याची अशी घरं पाडून पाहण्याची पद्धत एरिश द्राख यानं १९३७ मध्ये मांडली आणि आजही शिक्षक तीच वापरतात.

‘कारण’, ‘की’, ‘जर’ अशा शब्दांनी सुरू होणारं उपवाक्य आलं की क्रियापद परत आपल्या शेवटच्या घरी जातं. ‘वाइल इश हॉयटं काइनं त्साइट हाबं’: कारण मला आज वेळ नाही. इंग्रजी माध्यमातल्या शिक्षकांना हा धडा फार अवघड वाटतो. मराठी मुलांनी त्याला घाबरायचं कारण नाही. त्यांच्यासाठी अवघड आहे ती दुसरी खुर्ची.

इथे संशोधनातली एक गोष्ट धीर देणारी आहे. सत्तरच्या दशकात युर्गन माइझल, हाराल्ड क्लाझन आणि मानफ्रेड पीनेमान यांनी वुपर्टाल विद्यापीठातून इटली, स्पेन, पोर्तुगालहून आलेल्या कामगारांच्या बोलण्याचा अभ्यास केला. ही माणसं वर्गात न जाता, कामावर ऐकून जर्मन शिकलेली होती. तरीही शब्दक्रम सगळ्यांना त्याच पायऱ्यांनी येत गेला: आधी कर्ता-क्रियापद-कर्म अशी साधी ओळ, मग पुढे ‘काल’, ‘तिथे’ लावणं, मग क्रियापदाचे दोन तुकडे करून एक शेवटी नेणं, मग कर्ता आणि क्रियापदाची अदलाबदल, आणि सर्वांत शेवटी उपवाक्यात क्रियापद अखेरीस. पुढे १९८४ मध्ये पीनेमाननं म्युनिकमधल्या इटालियन मुलांवर प्रयोग केला तेव्हा दिसलं की आधीची पायरी न आलेल्या मुलांना पुढची शिकवून उपयोग होत नाही. तेव्हा ‘गेस्टर्न इश हाबं’ असं चुकीचं वाक्य पहिल्या दोन महिन्यांत आलं तर रडू नका. पायरी चालू आहे एवढाच त्याचा अर्थ.

मात्र ही पायऱ्यांची ओळ इटालियन-स्पॅनिश माणसांची आहे. ज्यांच्या भाषेत क्रियापद शेवटी असतं त्या तुर्की आणि कोरियन शिकणाऱ्यांचा अभ्यास झाला तेव्हा ते जर्मनमध्येही सुरुवातीला क्रियापद शेवटीच ठेवतात असं आढळलं. मराठी माणसाचं तसंच व्हायला हवं. प्रत्यक्षात ते होत नाही, कारण मध्ये इंग्रजी असते. २००७ मध्ये कामिला बार्डेल आणि इल्वा फाल्क यांनी तिसरी भाषा शिकणाऱ्यांबाबत दाखवलं की नव्या भाषेच्या वाक्यरचनेवर आईच्या भाषेपेक्षा आधी शिकलेल्या परक्या भाषेची छाप जास्त पडते. माझ्या विद्यार्थिनीचं ‘इश बिन काल्ट’ हे याचंच उदाहरण. मराठीकडे वळणं आपोआप घडत नाही. मुद्दाम सवय लावावी लागते. वाक्य मनात आलं की स्वतःला विचारा, ‘हे मी आजीला कसं सांगेन?’

‘मला’ची गोष्ट पुढे नेऊ. मला आवडतं: ‘एस गेफेल्ट मिअर.’ मला चव आवडली: ‘एस श्मेक्ट मिअर.’ मला वाईट वाटतं: ‘एस टूट मिअर लाइट.’ मला सुचतं: ‘मिअर फेल्ट आइन.’ दवाखान्यात काम करणाऱ्यांना रुग्णाच्या तोंडून रोज ऐकायला मिळणारं: ‘मिअर टूट डेअर कॉप्फ वे’, माझं डोकं दुखतंय. या सगळ्या ठिकाणी अनुभवणारा माणूस जर्मनमध्ये चतुर्थीत बसतो; ‘माझं डोकं’ सोडलं तर आपल्यासारखाच.

विभक्ती म्हटलं की मुलं दचकतात. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना मी सांगते, तुम्ही आठ पेलल्यात, इथे चारच आहेत: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी. पण मराठी इथे फसवते आणि ते स्पष्ट सांगायला हवं. आपला ‘ला’ द्वितीयेलाही लागतो आणि चतुर्थीलाही. ‘मी मुलाला बघते’ आणि ‘मी मुलाला मदत करते’ या दोन्हींत ‘ला’, जर्मनमध्ये मात्र पहिल्यात ‘डेन’, दुसऱ्यात ‘डेम’ लागतं. यावर माझी एक चाचणी आहे. माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवा. ‘मी भिंत बघते’: ‘ला’ गळाला, म्हणजे द्वितीया. ‘मी संस्थेला मदत करते’: ‘ला’ टिकला, म्हणजे चतुर्थी. ‘हेल्फन’ म्हणजे मदत करणं, हे चतुर्थी का घेतं हे इंग्रजीवरून समजावताना घाम फुटतो. मराठीत ‘ला’ आपणहून सांगतो. चाचणी सगळीकडे चालत नाही. ‘विचारणं’ आणि ‘फोन करणं’ ही दोन क्रियापदं आधीच वेगळी लिहून ठेवा: आपल्याकडे त्यांचा ‘ला’ सुटत नाही, जर्मनमध्ये दोन्हींना द्वितीया लागते. आणखी एका ठिकाणी मराठी काहीच मदत करत नाही. ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर ठेवते’ यांत आपलं ‘टेबलावर’ तेच राहतं, जर्मनमध्ये स्थिर असेल तर चतुर्थी, हलवत असाल तर द्वितीया. त्याला घोकण्यावाचून उपाय नाही. घरातल्या वस्तू खरोखर उचलून ठेवत, तोंडानं म्हणत घोका, म्हणजे हाताच्या हालचालीबरोबर लक्षात राहतं.

लिंगाबाबत मात्र आपण फार भाग्यवान. लखनौच्या हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन, जर्मनमध्येही तीन. शेजारच्या हिंदी मुलाला निर्जीव वस्तूला पुल्लिंग-स्त्रीलिंगाबाहेरचं तिसरं काही लागू शकतं हेच आधी पटवावं लागतं. आपल्या घरात ‘ते’ जिभेवर असतंच. ते मूल, ‘डास किंट’. ते घर, ‘डास हाउस’. ते पुस्तक, ते मीठ, ते तेल, ते अंडं: सगळी ‘डास’. पण याच्यावर विसंबू नका. ते झाड जर्मनमध्ये पुल्लिंगी, ते दूध स्त्रीलिंगी, आणि आपला सूर्य तिथे बाई आहे. जुळतात ती उदाहरणं योगायोगाची. खरी जुळणी आहे ती जाणिवेत. जर्मन शिकणारा प्रत्येक जण अडखळतो तो ‘डास मेट्शेन’पाशी: मुलगी, आणि नपुंसकलिंग? ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे, तो लागला की शब्द नपुंसक होतो. आपल्याकडे पाहा: लेकरू, वासरू, कोकरू, पिल्लू. सगळी ‘ते’. लेकरू मुलगी असली तरी ‘ते लेकरू’च. नियम तोच.

आकड्यांपाशीही मराठी माणसानं सुटकेचा श्वास घ्यावा. ‘फ्युन्फ-उंट-फिअर्त्सिग’, म्हणजे पाच-आणि-चाळीस. इंग्रजी डोक्यात असलेला विद्यार्थी चोपन्न लिहून मोकळा होतो. मराठी डोकं ‘पंचेचाळीस’ ऐकतं: आधी पाच, मग चाळीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला हे आठवत असेल. जर्मनीतही अशीच मागणी करणारी एक संस्था आहे, तिचं नावच ‘त्स्वान्त्सिग-आइन्स’, वीस-एक. तिथे ही मागणी मान्य झालेली नाही, तोवर आपली पाढ्यांची सवय कामी आणा. फोन नंबर आणि औषधाचं प्रमाण ऐकताना तिचा फार उपयोग होतो.

वेळ सांगताना एक सापळा आहे. ‘हाल्प द्राय’ म्हणजे ‘अर्धा तीन’. साडेतीन नव्हे, अडीच. गोंधळ झाला की मी मुलांना ‘अडीच’ शब्दाची जन्मकथा सांगते: तो ‘अर्धतृतीय’ या संस्कृत शब्दातून आला, म्हणजे तिसरा अर्धा. जर्मन माणूस जे म्हणतो तेच आपले पूर्वज म्हणत होते. हे एकदा कळलं की ‘हाल्प आख्ट’ला साडेआठची गाडी गाठायला जाऊन साडेसातची चुकवण्याची वेळ येत नाही.

आता उच्चार, आणि इथे लखनौनं मला जे शिकवलं ते पुण्यात शिकले नसते. जर्मनमधला ‘त्स’ (‘त्सेन’ म्हणजे दहा, ‘त्साइट’ म्हणजे वेळ) हिंदी मुलांच्या तोंडी ‘ज़’ किंवा ‘स’ होतो. आपल्याकडे तो जन्मजात आहे: चांगला, चमचा, चूल यांतला च. ‘त्सेन’ म्हणताना ‘चांगला’ म्हणायला सुरुवात करा आणि मध्येच वळा. उलट ‘बूख’, ‘नाख्ट’ यांतला घशातला ख आपल्या मराठीत नाही, पण लखनौत वाढलेल्या मुलाच्या कानात उर्दूचा ख़त, ख़बर असतोच. ‘झोनं’ म्हणजे सूर्य, याची सुरुवात ज़रा, ज़मीन यांतल्या ज़नं होते. स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद आपण बोलताना फारसा पाळत नाही, जर्मनमध्ये त्यानं अर्थ बदलतो: ‘श्टाट’ आखूड असेल तर शहर, लांबवलं तर राज्यसंस्था. दिन आणि दीन यांत फरक करणारी इथली हिंदी पुन्हा मदतीला येते. सरोजिनी नगरातल्या मराठी मुलाकडे मराठी आणि उर्दू-हिंदी मिळून जर्मनचे बहुतेक आवाज तयार आहेत. उरतात दोन-तीन. ‘इश’मधला शेवटचा आवाज श नव्हे; ‘ह्या’ हा शब्द कुजबुजत म्हणा आणि त्याची सुरुवात धरून ठेवा. ओठांचा चंबू ऊचा करून जीभ ईच्या जागी ठेवली की एक स्वर मिळतो, ओठ ओचे आणि जीभ एची ठेवली की दुसरा. आरसा घ्या आणि पाच मिनिटं बसा. शब्दाच्या शेवटचा निसटता स्वर म्हणजे आपल्या ‘केलं’, ‘गेलं’मधल्या ‘लं’चा स्वर. तो ‘ए’ असा ठणठणीत म्हणू नका.

शब्द लक्षात कसे ठेवायचे? हेर्मान एबिंगहाउस यानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला: सर्वांत जास्त आपण पहिल्याच काही तासांत विसरतो, आणि अंतरा-अंतरानं उजळणी केली तर ठसा टिकतो. झेबास्टियान लाइटनर यानं १९७२ च्या पुस्तकात त्याची सोपी पेटी करून दिली. माझ्या विद्यार्थिनीनं ती रेवडीच्या पुठ्ठ्याच्या डब्यात केली. लखनौत तो डबा घरोघरी सापडतो. आत पुठ्ठ्याचे आडोसे लावून पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज काढायचा. बरोबर आलं तर पुढच्या कप्प्यात, जो दोन दिवसांनी उघडायचा, मग चार, मग आठवडा, मग पंधरवडा. चुकलं की कितीही पुढे गेलेलं असो, परत पहिल्यात. कार्डाचा कागद रंगीत घ्या: पुल्लिंगाला (‘डेअर’) निळा, स्त्रीलिंगाला (‘डी’) लाल, नपुंसकाला (‘डास’) हिरवा. एका बाजूला चित्र किंवा मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला जर्मन शब्द, त्याचं अनेकवचन आणि तुम्ही स्वतः रचलेलं एक वाक्य. लिंगाशिवाय एकही नाम लिहायचं नाही. नंतर ते जोडत बसणं म्हणजे दुप्पट काम. जोडशब्दांना भिऊ नका. हातमोजा हा हात आणि मोजा मिळून होतो, आणि मोजा ‘तो’ म्हणून हातमोजा ‘तो’. जर्मन ‘हांटशू’, हात आणि बूट, म्हणजे तोच हातमोजा, आणि लिंग शेवटच्या शब्दाचंच.

ऐकण्याला रोज वेळ काढा. डॉइचं वेलं या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेक’ हा चित्रफितींचा अभ्यासक्रम फुकट आहे आणि बी-१ या मधल्या पातळीपर्यंत नेतो. सावकाश वाचलेल्या बातम्याही तिथे मिळतात. पण नुसतं ऐकून भागणार नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणारी इंग्रजी मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकूनही बोलताना व्याकरणात कच्ची राहतात हे पाहून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की बोलायला, लिहायला भाग पडल्याशिवाय आपल्याला काय येत नाही ते कळतच नाही. रोज तीन मिनिटं फोनवर स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करा: आज काय केलं, कुणाला भेटले. आठवड्यानं ऐका आणि दोनच चुका निवडून सुधारा. सगळ्या नको.

आता वेळेचा हिशेब, कारण फसवणूक तिथेच होते. ‘तीन महिन्यांत बी-२’ अशा जाहिराती मी या भागातल्या भिंतींवरही पाहिल्या आहेत. परिचारिकांना बहुतेक ठिकाणी बी-२, म्हणजे बी-१ च्या पुढची पातळी मागतात. जर्मन शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट शून्यापासून बी-२ साठी ४५ मिनिटांचे सहाशे ते आठशे तास धरते. आठवड्याला सहा दिवस, रोज घड्याळाचे तीन तास वर्ग झाला तर आठवड्याचे असे २४ तास होतात, म्हणजे कमीत कमी २५ आठवडे आणि जास्तीत जास्त ३४, घरचा अभ्यास वेगळा. कुणी तीन महिने म्हणत असेल तर त्याच्याकडे हा गुणाकार मांडा आणि आगाऊ पैसे देऊ नका. समाजवादी नेते राममनोहर लोहिया शिकायला बर्लिनला गेले तेव्हा प्राध्यापकांनी जर्मनच हवं म्हटल्यावर तीन महिन्यांत शिकून परत आले असं सांगतात. पण ते बर्लिनमध्ये राहत होते, दुकानापासून ग्रंथालयापर्यंत दिवसभर जर्मन कानावर पडत होतं. आपण अमौसी विमानतळाच्या शेजारी बसून शिकतो आहोत.

परीक्षेबद्दल एक उपयोगी गोष्ट: गोएथेची बी-१ आणि बी-२ वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं अशा चार भागांत असते, प्रत्येकाला १०० पैकी ६० लागतात, आणि राहिलेला भाग पुन्हा एकटा देता येतो. एका भागात गेलात म्हणून सगळं गेलं असं समजून घरी तोंड लपवू नका.

घरच्या माणसांना कामाला लावा, भाषा येत नसली तरी. माझ्या विद्यार्थिनीची आजी रोज संध्याकाळी तिची कार्डं घेते. आजींना रोमन अक्षर वाचता येत नाही, पण त्या रंग पाहतात आणि चित्र दाखवून विचारतात. निळं असलं आणि मुलीनं ‘डी’ म्हटलं की त्या मान हलवतात. एकदा हिरव्या कार्डावर दोन वेण्यांची मुलगी निघाली तेव्हा त्या थांबल्या. ‘पोरीला हिरवं कसं गं?’

‘आजी, ते लेकरू आहे.’

‘असं होय,’ म्हणत आजींनी कार्ड दुसऱ्या कप्प्यात सरकवलं आणि पुढचं उचललं.